पाव कंबरेचा प्रवास

जावयाची एक खोड कातरबाईला मुळीच खपत नसे. समोरच्याने तोंड उघडलं रे उघडलं, की हा खिशातून फूटपट्टी काढायचा. नगरपालिकेत नकाशे आखतो म्हणून काय झालं? घरात सासू आहे, प्लॉट नाही!

आजही तेच. सकाळी सहाला परदेशातल्या धाकट्या लेकीचा फोन आला. ती विमान कंपनीत नोकरीला, त्यामुळे रिकामी राहिलेली सीट तिला ऐन वेळी मिळायची. "आई, मिळाली जागा! थेट विमान आहे, आत्ता सुटतंय!" एवढं ओरडली आणि फोन तुटला. उतरणार किती वाजता, ते राहूनच गेलं. विमानतळाचा चौकशीचा नंबर सारखा एंगेज.

कातरबाईच्या पायांना भिंगरी लागली. सहा वर्षांपूर्वी धाकटी परदेशी निघाली, तेव्हा गिऱ्हाइकाचा कोट शिवून पुरा करण्याच्या नादात ही विमानतळावर उशिरा पोचली होती. लेक मान वळवून वळवून बघत आत गेली म्हणे. ते मनात सुईसारखं रुतून बसलं होतं. या खेपेला लेकीनं दाराबाहेर पाऊल टाकलं, की समोर आई दिसायलाच हवी.

जावयाने भिंतीवरच्या नकाशाला पट्टी लावली. "सोळा हजार सहाशे किलोमीटर. विमान ताशी नऊशे. साडेअठरा तास. म्हणजे रात्री साडेबारा. जेवूनखाऊन निघू, सासूबाई."

"सरळ रेघ मारलीत?"

"मग काय वाकडी मारू?"

तिने कपाटावरचा नातीचा पृथ्वीचा गोल खाली घेतला, धूळ पदराने पुसली आणि गळ्यातली टेप काढली. आधी गोलाच्या पोटाला गुंडाळली.

"कंबर शंभर. खऱ्या पृथ्वीची किती?"

"चाळीस हजार किलोमीटर. पण सासूबाई—"

"थांबा."

टेपचं एक टोक धाकटीच्या शहरावर, दुसरं आपल्या. खांद्यावरून ताणावी तशी तिने ती ताणली. टेप समुद्र सोडून आपसूक वर सरकली आणि पार बर्फाच्या कडेला जाऊन घट्ट बसली.

"चोवीस. पाव कंबरही भरत नाही. म्हणजे दहा हजाराच्या आत. अकरा तास धरा. पाचला उतरतेय पोर!"

"अहो, विमान बर्फावरून कशाला जाईल?"

"टेपला विचारा. मी नुसती ताणली."

"चुकलं तर साडेसात तास बाकावर बसाल."

"बसेन. घोडामैदान जवळच आहे. तीनला गाडी काढा."

पाचला ती विमानतळाच्या कठड्याशी उभी होती, नवी साडी नेसून. फलकावर धाकटीच्या शहराचं नाव कुठे, ते तिला सापडेना. पाच वाजून दहा मिनिटं झाली. जावयाने जांभई दिली. मग जावईच फलकाकडे बघत पुटपुटला, "उतरलंय... पावणेपाचलाच."

दार सरकलं. ट्रॉली ढकलत, खाली बघत धाकटी आली. कुणी असेल असं तिला वाटलंच नव्हतं. मान वर केली आणि ट्रॉली तिथंच सुटली.

"आई! तू कधी आलीस?"

"तुझ्या आधी!"

लेकीला कवेत घट्ट धरूनच कातरबाईने मान वळवली. जावई पट्टी खिशात कोंबत होता.

"जावईबापू, गोल अंगाचं माप भिंतीवर घेणाऱ्याला मी दुकानात एक दिवस ठेवला नसता. तुम्हाला ठेवते, गाडी झकास चालवता म्हणून. उचला बॅगा!"