टोपड्याला आलेला वास

सोनियानं बिरूचं टोपडं नाकाला लावलं आणि तिच्या अंगाची लाही लाही झाली. ओवा, वावडिंग, गोवरीचा धूर.

"आत्या, धुरी कुणी दिली?"

"कुठं धुरी? काय बी बोलती!" सासू धोंडुबाई पदराला हात पुसत म्हणाली.

औषधं आणायला सोनिया जेमतेम अर्धा तास माधवनगरच्या पेठेत गेली होती. तेवढ्यात बाईनं डाव साधला. मोरीत उपड्या बादलीखाली शेगडी सापडली, अजून गरम.

बिरू सातव्याच महिन्यात जन्मला. सत्तर दिवस काचेच्या पेटीत, त्यातले कितीतरी श्वासाच्या मशीनवर. मशीननं जीव वाचवला, पण कोवळी फुफ्फुसं दुखावली ती दुखावलीच. घरी आल्यावरही चार महिने नाकात ऑक्सिजनची नळी. ती निघून तीन आठवडे झाले होते. धुरापासून लांब ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सोनियानं देवापुढची उदबत्तीसुद्धा बंद केली होती.

माण तालुक्यातल्या मेंढपाळांच्या वस्तीवरनं आलेल्या धोंडुबाईला ही सगळी थेरं वाटायची. "आमी अशक्त कोकरू शेकोटीपाशी धरतू. धूर लागला की छाती सुटती. पर तुमी शिकल्याली माणसं!"

बिरूच्या बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती. नाकपुड्या फुललेल्या. पायाच्या अंगठ्याला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजनचा आकडा आला, शहाऐंशी. नव्वदच्या वर हवा होता. सोनियानं शेगडी अंगणात भिरकावली, खिडक्या उघडल्या, कोपऱ्यातला सिलिंडर सुरू करून ऑक्सिजनची नळी पुन्हा त्या एवढ्याशा नाकात बसवली. नवऱ्याला, तानाजीला फोन केला, "रिक्षा घेऊन या. आत्ता."

मग सासूकडे वळली. "मोजा."

"काय?"

"श्वास. मेंढरं मोजता ना? मी घड्याळात मिनिट बघते."

धोंडुबाईचं बोट पोराच्या पोटाबरोबर हलायला लागलं. "एक ईस... दोन ईस... तीन ईस, वर धा." मिनिटाला सत्तर. तिचा आवाज खाली गेला. "कोकरू असं धापलं तर..."

"बोला की. तर काय?"

"तुझ्या पोटात दिस भरलं असतं, तर ही येळच आली नसती."

सोनिया यंत्राकडे वळली. आकडा एक्याण्णववर आला होता. तेवढंच बघायचं.

तानाजी कुपवाडच्या कारखान्यातनं तेलकट कपड्यांतच आला. रिक्षा दारात सुरूच होती. सोनियानं बाळ उचललं, तशी धोंडुबाई चपला शोधायला लागली.

"तुम्ही यायचं नाही."

"नातू हाय माझा!"

"तुमच्या लुगड्याला धूर आहे."

"तान्या, बघ रं, बायको काय म्हणती!"

तानाजी आईजवळ गेला आणि थबकला. वास त्यालाही आला. त्यानं कोपऱ्यातला छोटा सिलिंडर उचलला आणि बायकोच्या मागोमाग बाहेर पडला.