डाव्या दाराखालचा ग्रंथ

गंज आपोआप चढत नाही. कोणीतरी तो चढू दिलेला असतो. हे मत मी पिकअपच्या उजव्या दाराखाली आडवा पडून, तोंडावर रंगाचे पोपडे झेलत, सलग सहा दिवस मांडत होतो. श्रोता एकच, माझा मेहुणा. त्याचा धंदा पत्राकामाचा. इतरांच्या गाड्यांचे पोचे काढण्यात त्याचा दिवस जातो. माझे काढणे हा त्याचा सवडीचा उद्योग आहे.

गाडी माझ्या पत्नीची. तिची रोपवाटिका आहे, आणि तिथली रोपे गेली एकवीस वर्षे याच गाडीच्या हौद्यातून लोकांच्या अंगणात पोचतात. मागच्या शनिवारी गाड्यांच्या तपासनीसाने उजव्या दाराखालच्या पत्र्याला स्क्रू ड्रायव्हर टेकवला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. त्याने खडूने गोल काढला आणि पुढच्या शनिवारी सकाळी दहाची वेळ दिली. तेव्हाही पत्रा असाच निघाला, तर गाडी भंगारात. दुसरी घेण्याची आमची ऐपत नाही. “गाडी गेली की वाटिका बंद,” एवढेच पत्नी घरी येऊन म्हणाली आणि वाफ्यांना पाणी घालायला गेली. तिचा आवाज जराही कापला नाही, म्हणून मी घाबरलो.

खडूच्या गोलापुरते काम दोन दिवसांचे होते. ते सहा दिवसांचे मी केले. जुन्या पोथ्यांत मागाहून घुसडलेल्या ओळी शोधून काढण्यात माझी पस्तीस वर्षे गेली आहेत. ज्याच्या पोटात काय आहे हे ठाऊक नाही, त्याच्यावर रंग चढवणे मला जमत नाही. मी पत्रा उघडा करीत गेलो. वर पांढरा रंग, त्याखाली निळा, त्याखाली भोके बुजवायची लांबी, म्हणजे पुटी, त्याखाली पुन्हा गंज.

“भावोजी, पत्रा कापायचाय, त्याचा अभ्यास नाही करायचा,” मेहुणा म्हणाला.

“ही लांबी ज्याने भरली, त्याला लाज कशी वाटली नाही?”

“भरणाऱ्याला घाई असते. लाज मागून येणाऱ्याने बाळगायची. तुम्ही बाळगताय की.”

शुक्रवारी दुपारी उजवी बाजू पुरी झाली. नवा पत्रा, वेल्डिंगचे सरळ टाके, त्यावर प्रायमर. बोटाने टिचकी मारली की स्वच्छ आवाज येई. त्याच आनंदात मी पलीकडे गेलो आणि डाव्या दाराखाली टिचकी मारली. आवाज आला तो उशीवर मारल्यासारखा.

“तिकडे हात लावू नका,” पत्नी वाटिकेच्या फाटकातूनच ओरडली.

“का?”

“त्या माणसाने तिकडे खूण केलेली नाही.”

“म्हणून तिथे गंज नाही?”

“म्हणून तिथे उद्यापर्यंत गंज नाही.”

असले युक्तिवाद मी विद्वत्परिषदांत भरपूर ऐकले आहेत आणि त्यांपायी काही जणांशी कायमचे बोलणे सोडले आहे. मी ग्राइंडर उचलला. मेहुण्याने एकदा बहिणीकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि मुकाट्याने दोन पावले मागे सरकला. इतकी वर्षे पत्राकाम करूनही त्याची दहा बोटे शाबूत आहेत, त्याचे कारण हेच असावे.

लांबी दोन बोटे जाड होती. तिच्याखाली कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी, आणि जाळीमागे कागद, दाबून, थरावर थर. “वर्तमानपत्रेसुद्धा नाहीत,” मी म्हणालो, “चांगला जाड कागद वाया घालवला आहे. कोण हा नराधम?” एक थर ओढून काढला. ओला, तांबूस, कडा विरघळलेल्या; पण मधला मजकूर वाचता येत होता. “प्रकरण तिसरे. लेखनातील रिक्त जागा स्वतःच्या मजकुराने भरून काढणारे लेखनिक हे अज्ञानी नव्हेत, तर अप्रामाणिक होत.”

वाक्य उत्तम होते. ते माझे होते.

मेहुणा खाली बसला, हातातला पाना त्याने जपून जमिनीवर ठेवला, आणि मग तो जो हसत सुटला, तो डोळे पुसूनच थांबला.

“अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट,” पत्नी हात पुसत जवळ येऊन म्हणाली. “दुसऱ्या दिवशी अशीच तपासणी होती. ” तिने भावाकडे बोट केले. “हा गावाला गेलेला. मी तीनदा तुमच्या खोलीत आले. तीनदा तुम्ही म्हणालात, पुढच्या लेखाचा निष्कर्ष लिहितो आहे.”

“म्हणून माझा ग्रंथ?”

“पलंगाखाली दोनशे प्रती होत्या. मी वीसच घेतल्या. तेव्हा तरी.”

हा ग्रंथ खपून संपत आला आहे, असे मी अकरा वर्षे लोकांना सांगत होतो. पलंगाखालचे गठ्ठे कमी होत होते, हा माझा पुरावा. दुसऱ्या आवृत्तीसाठी मी प्रस्तावनाही लिहून ठेवली होती; तीत वाचकांचे आभार होते.

“भावोजी, उजवीकडे नुसती लांबी होती, तिथे हाताएवढं भोक,” मेहुणा आत बोट घालून म्हणाला. “इकडे दाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पत्राच नाही. कागद ओल धरून ठेवतो ना. तुमच्या ग्रंथाने गाडी खाल्ली.”

“टीका पुरे. पत्रा लाव.”

“कुठला? दोन्ही बाजूंना पुरेल एवढा आणला होता. तुम्ही तिकडे खडूच्या गोलाच्या चौपट कापायला लावलंत. दुकान आज बंद. उद्या उघडेल अकराला.”

पत्नी गाडीच्या पायरीवर बसली. तेव्हा पहिल्यांदा तिचे वय दिसले. “जाळी लावा, लांबी भरा, रंग मारा,” ती हळूच म्हणाली. “पुढच्या आठवड्यात पत्रा आणून नीट करू. अहो, मला उद्या गाडी हवी आहे.”

तपासनीस डावीकडे बघणार नव्हता. लांबीचा डबा माझ्या पायाशीच होता आणि त्याचे झाकण मी उघडलेही होते, हे नोंदवले पाहिजे. चूक करणाऱ्यांना मी आयुष्यभर घाई कधी माफ केली नाही. माझी घाई आली तेव्हा ती मला फार समजूतदार वाटली. मग पायाशी पडलेल्या ओल्या पानावरचे ते वाक्य पुन्हा दिसले. इतक्या तुच्छतेने माझ्याशी आजवर कोणी बोलले नव्हते.

मी झाकण लावले आणि घरात गेलो. माझ्या खोलीत लोखंडी कपाट आहे. महाविद्यालयाच्या वाचनालयाने मोडीत काढलेले, मी हट्टाने घरी आणलेले. मी पुस्तके जमिनीवर उतरवू लागलो. पाठोपाठ दोघे दारात.

“काय करताय?” पत्नी म्हणाली. “हे कपाट तुम्ही मला पुसूसुद्धा देत नाही.”

“आता पुसावे लागणार नाही.”

मेहुण्याने कपाटाच्या बाजूच्या पत्र्यावर टिचकी मारली, अंगठ्याने कड चाचपली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे आदराने पाहिले. “जाडी बरोबर आहे, भावोजी. तुम्ही आधी कपाट द्यायचं आणि नंतर ग्रंथ लिहायचा. क्रम चुकला.”

बॅटरीची वायर काढून, आतली सीट बाहेर ठेवून, पुस्तकांचा उरलेला लगदा खरवडून त्याने दिवस मावळायच्या आत पत्रा बसवला. मी ओली गोणपाटे घेऊन ठिणग्या विझवीत होतो. पत्नीने बाहेरून रंग मारला. खालच्या बाजूचे प्रायमर मेहुण्याकडे होते.

शनिवारी दहाला तपासनीसाने उजवीकडे टोचून पाहिले आणि मान हलवली. आम्ही सुस्कारा टाकणार, तोच तो वळसा घालून डावीकडे गेला. का, ते त्यालाच ठाऊक. बहुधा आम्ही तिघेही उजवीकडे फारच निष्ठेने उभे होतो. त्याने स्क्रू ड्रायव्हर दाबला. दोनदा, तीनदा. पत्रा हलला नाही. पत्नीने माझी बाही धरली होती. तिने ती सोडली नाही.

मग तो टॉर्च घेऊन गाडीखाली शिरला आणि तिथून मोठ्याने वाचू लागला, “संदर्भग्रंथ. वाचनालयाबाहेर नेऊ नयेत.”

मी मेहुण्याकडे पाहिले. तो आकाशाकडे पाहत होता.

“हे काय आहे, बाई?” तपासनीस बाहेर येऊन म्हणाला.

“मी नेत नाही हो,” पत्नी म्हणाली. “मी रोपं नेते.”

त्याने कागदावर शिक्का मारला. “खालून प्रायमर मारून घ्या. अक्षरं गेली तरी चालतील.”

परतताना गाडी ती चालवत होती, मी शेजारी, मेहुणा मागे हौद्यात, बंद फाळक्याला टेकून शीळ घालत. माझी पुस्तके घरी जमिनीवर पडली होती आणि मला त्याचे काही वाटत नव्हते, ही गोष्ट मात्र मला खटकत होती. वळणावर मला आठवले.

“वीस प्रती डावीकडे. पलंगाखाली आता फार तर साठ आहेत. बाकीच्या?”

तिने आरशात पाहिले, गियर बदलला.

“मागच्या फाळक्याला,” ती म्हणाली, “पुढच्या तपासणीपर्यंत टिचकी मारू नका.”