ओस घरावरचा मारा

'लॉरा हॅस्किन्स' ही आगबोट पहिल्यांदा पाण्यात उतरली तेव्हापासून तिचं सुकाणू इझ्रा पर्विसच्याच हातात होतं. नऊ वर्षं तिने कंबरलंड नदीवर तंबाखू, डुकरं आणि लग्नाची वऱ्हाडं वाहिली. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६३च्या हिवाळ्यात, गुलामीविरुद्ध लढणाऱ्या उत्तरेच्या आरमाराने तिला विकत घेतलं. दिवाणखान्यातले आरसे उतरवले, बाजूंना लोखंडी पत्रे ठोकले, मालाच्या जागी सहा तोफा बसवल्या. नाव पुसून नुसता आकडा रंगवला. इझ्राला मात्र ठेवून घेतलं. नदीतले गाळाचे उंचवटे त्याच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते.

मार्चमधल्या एका सकाळी बोट डॉर्कस टिलमन या विधवेच्या लाकडाच्या वखारीसमोरून चालली होती. रचलेल्या ओंडक्यांआडून गोळ्या सुटल्या. तोफेवरचा एक खलाशी जागीच गेला. इझ्राने वरच्या सुकाणूच्या खोलीतून सगळं पाहिलं. पळणाऱ्या चौघांत डॉर्कसचा थोरला मुलगा होता.

बोटीचा प्रमुख लेफ्टनंट ग्रीनलीफ धापा टाकत वर आला. "खाली धुरात काही कळलं नाही. कुठून आल्या गोळ्या?"

डॉर्कसच्या ओट्यावर बसून इझ्राने कितीदा तरी मक्याची भाकरी खाल्ली होती.

"त्या टेकाडावरच्या घरातून," तो म्हणाला. घराचा मालक युद्धाच्या सुरुवातीलाच पळालेला. तेव्हापासून घर ओस आहे, असंच इझ्राला माहीत होतं.

"नक्की?"

"या डोळ्यांनी पाहिलं, साहेब."

तोफेच्या अकरा गोळ्यांत घर कोसळलं. काठावर उतरलेले खलाशी परतले ते तीन प्रेतं घेऊन. एक काळी बाई आणि तिची दोन मुलं. मागोमाग तिचा म्हातारा बाप आला. मळ्यातल्या गुलामीतून पळून ही माणसं तिथे लपली होती.

"चार दिवस तुमच्याच बोटीची वाट बघत होतो, मालक," म्हातारा लेफ्टनंटला म्हणाला. "पोरगी खिडकीतून पांढरं फडकं हलवत होती."

इझ्राने लेफ्टनंटला म्हाताऱ्यापासून दूर नेलं. "मी खोटं बोललो," तो म्हणाला. "गोळ्या वखारीतून आल्या."

लेफ्टनंटने पिस्तुलावर हात ठेवला. मग म्हणाला, "इथेच लटकवला असता तुला. पण बोट परत कोण नेणार?"

त्याने वखार पेटवायला लावली. डॉर्कस काठावर उभी राहून बोटीकडे बघत होती. इझ्राने तिकडे पाहिलं नाही.

नॅशव्हिलपर्यंत सुकाणू त्याच्याच हातात राहिलं, पाठीमागे पिस्तूलवाला शिपाई. धक्क्यावर त्याला बेड्या घातल्या. म्हातारा शेजारूनच उतरला. खोटं बोलणारा माणूस कोणता, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. "जरा हात देता का, मालक?" त्याने इझ्रालाच विचारलं, आणि मग त्याला बेड्या दिसल्या.