एकशे चौदा मुंगसं

निसर्गाचं रक्षण हे माणसाचं आद्य कर्तव्य आहे, अशी निवृत्त आवक कारकुनांची श्रद्धा होती. गवत कापता कापता कंबर धरली त्या दिवशी ही श्रद्धा जन्मली, असं त्यांची बायको पालिकेच्या निरीक्षकबाईंना चहा देता देता सांगत होती.

बाईंचं लक्ष वहीत होतं. घरामागचं रान तसंच राखायचं तर वर्षभरात किमान पाच वन्यप्राणी दिसायला हवेत, नाहीतर पालिका येऊन साफ करणार, असा नियम होता. कारकुनांनी मागच्या पायरीवर बसून ऋतुवार नोंदी केल्या होत्या. उन्हाळ्यात एकसष्ट, पावसाळ्यात नऊ, थंडीत चव्वेचाळीस.

"एकशे चौदा मुंगसं?" बाई म्हणाल्या.

"क्रमवार आहेत."

"आणि सगळ्यांची शेपटी अर्धी तुटलेली?"

"शेऱ्याच्या रकान्यात लिहिलंय तसं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, हे एकच मुंगूस आहे."

"आहेच की. पण येईल तितक्यांदा नवा नंबर. एकतीस वर्षं आवक सांभाळली मी. तोच माणूस तोच अर्ज घेऊन परत आला, तरी जुना नंबर कधी दिला नाही."

"घ्या," बायकोने कपाळाला हात लावला. "अहो, रानात कसलं टपाल येतं?"

बाईंनी खिडकीतून रानाकडे पाहिलं. ते त्यांनाही आवडलं असावं, कारण पेन पुन्हा उचलून त्या हळूच म्हणाल्या, "दुसरंही काही दिसलं असेल ना? ससा, साळिंदर? चार नावं सांगा, मी लिहिते."

बायकोने कोपराने ढोसलं. "ससा दिसला होता ना हो तुम्हाला? आठवा जरा."

कारकुनांनी मागच्या पायरीकडे पाहिलं. सकाळ-संध्याकाळ ते त्या पायरीवरच असत. निवृत्तीनंतर दुसरीकडे कुठे त्यांची कोणी वाट पाहत नव्हतं.

"दिसला असता तर नोंदला असता," ते शेवटी म्हणाले.

मग त्यांनी वही ओढून घेतली, पट्टी लावून एकशे तेरा नोंदी लाल शाईने खोडल्या आणि प्रत्येक खाडाखोडीपुढे सही केली. बाईंना तोवर थांबावं लागलं.

मंगळवारी पालिकेची माणसं आली. सगळं रान साफ करायला पस्तीस मिनिटं लागली.