सहा मिनिटांचं काम

वहिनीने त्या बुधवारी सकाळी तीन वेळा चपला घातल्या आणि दोन वेळा काढल्या. पहिल्यांदा पिशवी विसरली म्हणून परत आली. दुसऱ्यांदा पिशवी हातात होती, पण गॅस बंद केलाय ना हे बघायला आली. गॅस बंद होता. तो तासाभरापासून बंद होता आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"अगं, एक यंत्र आणायला चाललीयेस की परीक्षेला?" आतून नणंदेने विचारलं.

"निघाले, ताई," वहिनी म्हणाली आणि तिसऱ्यांदा खरोखरच निघाली.

काम तसं साधं होतं. कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानदाराला दर शुक्रवारी आठ स्पंज केक हवे होते. या शुक्रवारी पहिले आठ द्यायचे आणि गिऱ्हाइकांना आवडले तर वर्षभराचं काम पक्कं. आजवर या घरातून दिवसाला दोन केक जायचे, फार तर तीन, आणि त्यांची अंडी वहिनी हाताने फेटायची. कोमट पाण्यावर भांडं, भांड्यात सहा अंडी आणि साखर, हातात तारेची फेटणी, आणि वीस मिनिटं हात थांबवायचा नाही. एका दिवसात आठ केकांचं फेटणं तिच्या खांद्याला झेपणार नव्हतं. म्हणून नणंदेने विजेवरचं काहीतरी घ्यायचं ठरवलं. चौकातल्या दुकानात तिने दोन वस्तू पाहून ठेवल्या होत्या. एक हँड ब्लेंडर, लांब दांडा आणि टोकाला छोटं पातं असलेला. दुसरा बीटर, ज्याच्या तोंडाशी दोन फेटण्या गरगर फिरतात. दोन्ही घेणं जमणारं नव्हतं.

"कुठला घ्यायचा ते तू ठरव," नणंद म्हणाली होती. "मिश्रण तुझं."

हे ती उगाच म्हणाली नव्हती, तो त्या घरातला कायदा होता. नणंदेचं आयुष्य इमारतींचे नकाशे काढण्यात गेलं. नोकरी सुटल्यावर ती केककडे वळली आणि केकवरचं क्रीमही पट्टी-गुण्या लावल्यासारखं काढायला लागली. सुरुवातीच्या दिवसांत ती वहिनीच्या भांड्यातही चमचा घालायची, वहिनी तिच्या क्रीमवर मत द्यायची, आणि दोघींच्या भांडणात ओव्हनमधले केक करपायचे. शेवटी नणंदेने टेबलावर मधोमध चिकटपट्टी लावली. पट्टीच्या अलीकडे मिश्रण, तिथे वहिनी म्हणेल ते. पलीकडे सजावट, तिथे नणंद म्हणेल ते. चार वर्षं झाली, कुणी पट्टी ओलांडली नव्हती.

मग एवढं पाऊल अडखळायचं कारण काय? कारण वहिनीला दोन्ही यंत्रं माहीत होती. ब्लेंडर चिरतो, वाटतो, पातळ करतो, पण अंड्यात हवा भरणं त्याच्या बापाला जमायचं नाही. बीटर मात्र वीस मिनिटांचं काम सहा मिनिटांत उरकतो. केकसाठी कुठला घ्यावा, हा प्रश्नच नव्हता. प्रश्न असा होता की त्या सहा मिनिटांनंतर या घरात वहिनीचं काय काम उरणार.

चार वर्षांपूर्वी तिचा नवरा कामासाठी परदेशी गेला आणि तिथेच त्याने दुसरा संसार थाटला. वहिनी एक बॅग घेऊन त्याच्या बहिणीच्या दारात उभी राहिली, तेव्हा नणंदेने फार विचारपूस केली नाही. "फेटता येतं का?" एवढंच विचारलं आणि आतली खोली दिली. गेल्या महिन्यात कोर्टाचा कागद आला. त्या कागदाने नवरा गेला, आणि जरा शांत बसून विचार केला तर नणंदही गेली. नवराच नाही तर नणंद कुठली? शेजारीपाजारी अजून वहिनी म्हणत होते, ते सवयीने. राहता राहिला तो हा उजवा हात. त्याच्या जोरावर आपण इथे आहोत, असं वहिनीने मनाशी पक्कं धरलं होतं. आणि आता तो हातही यंत्राला द्यायला ती स्वतःच्या पायांनी निघाली होती.

ती दुकानासमोरून एकदा पुढे निघून गेली. वळून आली, रस्ता ओलांडला, समोरच्या चष्म्याच्या दुकानातल्या फ्रेमा बघितल्या आणि पुन्हा रस्ता ओलांडला. आत गेल्यावर विक्रेत्या मुलीने दोन्ही खोकी पुढे ठेवली.

"कशासाठी हवंय, काकू?"

"केकसाठी."

"मग बीटरच घ्या. ब्लेंडर सूपबिप करायला चांगला. स्पंज नाही व्हायचा त्याने."

या पोरीला खोटं बोलायला काय झालं होतं, असं वहिनीला वाटलं. चार खोट्या गोष्टी सांगून ब्लेंडर गळ्यात मारला असता तर दोष तरी तिच्यावर गेला असता.

"ब्लेंडर द्या," ती म्हणाली. "धुवायला सोपा पडतो."

मुलीने एकवार तिच्याकडे बघितलं आणि खोकं बांधून दिलं.

घरी परतताना वहिनीने सगळा हिशेब मनाशी जमवला होता. उद्या ब्लेंडरने एक केक करायचा. तो बसणार. मग नणंद म्हणेल, मरू दे ते यंत्र, तुझा हातच बरा. मग आठच्या आठ केक हाताने फेटायचे, खांदा निखळला तरी चालेल. नणंदेने खोकं उघडून दांडा निरखला आणि विचारलं, "याने होईल ना नीट?"

"होईल की."

"तू म्हणतेस म्हणजे होईल," नणंद म्हणाली आणि पेन्सिल घेऊन आठ केकांची सजावट आखायला बसली. तिने दुसरा प्रश्न विचारला असता तर वहिनी बहुतेक तिथेच पाघळली असती. पण तिने विचारला नाही.

गुरुवारी सकाळी ब्लेंडर सुरू झाला. घरघर भरपूर झाली. अंड्यांवर मोठमोठे बुडबुडे आले, फुटले, पुन्हा आले, आणि पंधरा मिनिटांनी भांड्यात जे होतं ते पिवळं पाणीच होतं. वहिनीने त्यात मैदा मिसळला आणि डबा ओव्हनमध्ये ठेवला. अर्ध्या तासाने केक बाहेर आला तो दोन बोटं उंचीचा. नणंदेने त्यावर बोट दाबलं. केक ढिम्म हलला नाही.

आता ती म्हणेल, वहिनीला वाटलं. आता म्हणेल की यंत्र भिकार आहे.

"अंडी शिळी दिसतायत," नणंद म्हणाली.

ही गोष्ट वहिनीच्या हिशेबात नव्हतीच. मिश्रण वहिनीचं, यंत्र वहिनीने निवडलेलं, म्हणजे त्यात चूक असणारच नाही, हे नणंदेने धरूनच टाकलं होतं. तेवढं सोडून जगातल्या बाकी सगळ्यावर तिचा संशय जायला मोकळा होता. तिने ओव्हनच्या दाराचं रबर तपासलं. तापमापक आत ठेवून घड्याळ लावून बसली. मैद्याचा डबा उन्हाकडे धरून बघितला, चाळणी बदलली आणि दुसरा केक करायला लावला. तोही बसला. वहिनी ओटा पुसत होती. पुसून झालेला ओटा ती पुन्हा पुसत होती, मग भांडी विसळली, मग विसळलेली भांडी पुसली, आणि खिडकीशी जाऊन उगाच रस्ता बघून आली.

दुपारी अंडीवाली मावशी आली. ती सायकलला टोपली बांधून दर मंगळवारी आणि गुरुवारी यायची, चार वर्षांत तिचा एक वार चुकला नव्हता. नणंद दारातच उभी राहिली.

"मावशी, या वेळी शिळी अंडी दिलीत तुम्ही."

मावशी आधी हसली. तिला ती थट्टा वाटली. मग तिने टोपलीतलं एक अंडं काढलं, बशी मागितली आणि सगळ्यांसमोर फोडलं. बलक बशीत ताठ उभा राहिला.

"हे आजचं आहे, बाई. तुम्हाला दिलेलं परवाचं. परवाचं शिळं होत नाही."

"दोन केक बसले माझे. उद्या मला आठ द्यायचेत."

"त्याला मी काय करू?"

"पुढच्या आठवड्यापासून नका येऊ," नणंद म्हणाली. ती रागाने बोलली नाही. घाबरलेल्या माणसासारखी भराभरा बोलली.

मावशीने वहिनीकडे बघितलं. दर वेळी वहिनीच अंडी मोजून घ्यायची, एकेक कानाशी हलवून बघायची, आणि त्यावरून दोघींची थट्टा चालायची. वहिनी काही बोलली नाही. मावशीने टोपलीवर फडकं टाकलं, बांधलं आणि सायकल हातात धरून चालत निघून गेली. चढ नव्हता, तरी ती सायकलवर बसली नाही.

वहिनीला स्वतःची इतकी किळस आली की ती आत जाऊन खाटेवर बसली. बसवेना म्हणून उठली. उठून करायचं काय, ते सुचेना म्हणून परत बसली. बाहेर नणंद फोनवर ओव्हनच्या मेकॅनिकशी बोलत होती. तो सोमवारी येतो म्हणाला. वहिनी दाराशी आली तेव्हा नणंद फोन हातात घेऊन टेबलापाशी उभी होती.

"कुणाला लावताय?"

"कॉफीवाल्याला. सांगते, नाही जमणार. आज नाही सांगितलं तर उद्या तो तोंडघशी पडेल." तिने चष्मा काढला आणि पदराने पुसला. "माझंच चुकलं गं. दोन केकांचं घर आपलं, आठांची हाव धरली."

"ताई, फोन ठेवा."

"आता कशाला?"

"अंडी ताजी होती. ओव्हन ठीक आहे. मैदा ठीक आहे." वहिनीने टेबलाची कड घट्ट धरली. "ब्लेंडरने अंड्यात हवा भरत नाही. बीटरने भरते. मला हे दुकानात उभी असताना माहीत होतं. घरातून निघतानाही माहीत होतं."

नणंदेने चष्मा परत लावला, जसं काही ऐकायला तो लागतो.

"मग घेतलास कशाला?"

"बीटर सहा मिनिटांत फेटतो. मग माझं काय काम इथे? तुमच्या भावाने कागद पाठवला. आता मी तुमची कुणी लागत नाही. हात होता तोवर ठीक होतं. मला वाटलं, यंत्र फसलं तर तुम्ही म्हणाल हातानेच फेट."

"आणि मावशीला हाकललं मी. तू तिथे उभी होतीस."

"उभी होते."

"तोंड नव्हतं तुला?"

नणंद टेबलाभोवती एक फेरी घालून आली, दुसरी घालून आली. बसलेला केक तिने उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"खरं सांगू का तुला," ती म्हणाली. "पहिलं वर्षभर मी तुला हातासाठीच ठेवलं होतं. फेटायला माणूस परवडत नव्हतं. तू आलीस, मी म्हटलं, बरं झालं. तुझ्यावर काय गुदरलंय ते मी नंतर बघितलं. ती माझी लाज आहे, ती मी कबूल करते. पण त्याला तीन वर्षं झाली. तीन वर्षांत तुला एकदाही असं वाटलं नाही, की मला फक्त हातासाठी ठेवलंय का, हे हिला विचारून बघावं?"

"भीती वाटली."

"कशाची?"

"तुम्ही हो म्हणाल याची."

नणंदेचा चेहरा लाल झाला होता, डोळे पाणावले होते, आणि ते दिसू नये म्हणून तिने घड्याळाकडे बघितलं. चार वाजत आले होते.

"दुकान सातपर्यंत उघडं असतं. जा आणि बीटर घेऊन ये. ब्लेंडर वापरलाय, तो परत घेणार नाहीत. राहू दे, सूप करू. आणि त्याच्या आधी मावशीकडे जायचं. काय झालं ते तिला तू सांगायचंस, मी नाही. मग मी उद्या सकाळी जाऊन माझी माफी मागेन, ती वेगळी."

"जाते."

"आणि ऐक. मी रागावलेय तुझ्यावर. असा आठ दिवस तरी जाणार नाही हा राग. तेवढे दिवस मी तुझ्याशी धड बोलणार नाही, तू रडून दाखवायचं नाहीस."

वहिनीने मान हलवली. पिशवी घेतली, चपला घातल्या. उंबऱ्याबाहेर एक पाय टाकून ती थांबली आणि तिच्या मनात महिनाभर जे अडकून बसलं होतं ते तोंडावाटे बाहेर पडलं.

"आणि तिथून मग कुठे जाऊ, ताई?"

नणंदेने तिच्याकडे असं बघितलं, की वेड लागलंय का हिला. मग खुंटीवरची किल्ली काढून तिच्या हातात कोंबली.

"ही घेऊन जा. रागात आहे मी, दार उघडायला उठणार नाही."