धुक्यातली एकच हाक

डोंगरावर म्योर्की उतरलं, म्हणजे धुकं दाटलं, की फेरो बेटांवरचा माणूस असेल तिथेच बसून राहतो. सुन्नुवाला हे लहानपणापासून ठाऊक होतं. पण आज वर तिचे बाबा, हानुस, होते आणि तिचा पाय घरात ठरत नव्हता.

हानुस सकाळी चुकार मेंढ्या आणायला एकटाच गेला होता. दुपारी धुकं आलं आणि समोरचं चर्चसुद्धा दिसेनासं झालं. त्यात स्वयंपाकघरात पाहुणा, बर्गेनहून जुने शब्द गोळा करायला आलेला एयविंद. माणूस गरीब स्वभावाचा, पण वेळ ओळखायची अक्कल बेताचीच. तो आपला सांगत होता, आइसलँडमध्येही धुक्याला म्योर्क्वी म्हणतात. आमच्या नॉर्वेत मात्र त्याच मुळातून मोर्के आला, आणि मोर्के म्हणजे काळोख.

"बाहेर सगळं पांढरंफटक आणि म्हणे काळोख," सुन्नुवा फणकारली. कॉफी तशीच टाकून ती बाहेर धावली.

मेंढवाड्याच्या दगडी भिंतीपाशी उभं राहून तिने जीव खाऊन "बाबा" अशी हाक मारली. पुन्हा तोंड उघडलं, तोच शेजारच्या दान्यालकाकांनी तिचा दंड धरला.

"गप्प बस. तो तुझ्या आवाजाच्या रोखाने चालत सुटेल. मधे कडा आहे, विसरलीस?"

विसरली नव्हती, भीतीपुढे सुचलं नव्हतं. मग ती तोंडात शालीचं टोक कोंबून भिंतीला धरून येरझाऱ्या घालत राहिली. एयविंदही बाहेर आला. शोधायला कुणीच का जात नाही, असं त्याने विचारलं. दान्यालकाकांनी नुसतं धुक्याकडे बोट दाखवलं. गप्प राहणं इतकं अवघड असतं, हे सुन्नुवाला आज कळत होतं.

संध्याकाळी वारा फिरला आणि धुकं फाटलं. वर, कड्याच्या अगदी तोंडाशी, हानुस गुडघे पोटाशी घेऊन बसलेला दिसला. तो उठला आणि वळसा घालून, मागच्या वाटेने खाली आला. चिंब भिजला होता.

"हाक तूच मारलीस ना, पोरी?" तो भिंतीला टेकत म्हणाला. "मी उठून चालायलाच लागलो होतो. म्हटलं, आणखी एक आली की दिशा नक्की होईल. मग आलीच नाही, तेव्हा बसलो."

सुन्नुवाने त्याची ओली बाही घट्ट धरली. मग एयविंदकडे न बघताच ती म्हणाली, "तुमचे लोक बरोबर म्हणतात. काळोखच होता तो."