बाटलीतलं मीठ

भिवानाना तोंडाने फटकळ आणि मनाने एकटा माणूस. डोंबिवलीच्या खाडीकाठी मिठागरात उभा जन्म राबला. मग मिठागर बंद पडलं, बायको सगुणा गेली, आणि मोरू, एकुलता एक मुलगा, शहाडला राहायला गेला तो दोन वर्षं उंबऱ्यावर फिरकला नाही. फिरकणार तरी कसा? सगुणेच्या बाराव्याला तो बिचारा एवढंच म्हणाला होता, "बाबा, घराला कुलूप लावू, शहाडला चला." नानाचं डोकं सणकलं. चार पाहुण्यांसमोर सांगून मोकळा झाला, "आजपासून या घरचा पानी तुला हराम." बोलायला बोलून गेला आणि मग दोन वर्षं स्वतःचाच जीव खात बसला. निरोप धाडायचा तर ताठा आडवा येत होता.

पडवीत बसायचं आणि खाडीकडे बघायचं, एवढाच उद्योग उरला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे दिसायचं तेही धुरकट. दर रविवारी सकाळी समोरच्या बांधावर एक पांढरी गाडी येऊन तासभर उभी राहायची. मजा मारायला आलेलं एखादं जोडपं असणार, असं ठरवून नाना बसल्या जागेवरून तिला शिव्या हासडायचा. आठवड्यात तेवढंच काय ते त्याचं बोलणं व्हायचं.

त्या सोमवारी तो गावाच्या तोंडाशी असलेल्या देवरामच्या गॅरेजात चहाला गेला, तर देवराम एका गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं घालून उभा.

"तुमच्या मोरूची फियाट," देवराम जरा चाचरत म्हणाला. "काल फाट्यावर बंद पडली. ढकलत आणली त्याने. तुम्हाला सांगू नको म्हणाला होता."

देवरामने प्लॅस्टिकची बाटली काढून त्याच्या हातात दिली. "इंजिन थंड ठेवायचं पाणी असतं हिच्यात. तडा गेलाय, कधीपासून गळतेय. हा बाटली बदलायची सोडून वरून पाणी ओतत राहिला. बघा, तड्याभोवती किती पापुद्रे धरलेत. शहाडच्या बोअरचा क्षार असणार."

नानाने नखाने पापुद्रा खरवडला आणि जिभेवर ठेवला. डोळे गेले तरी जीभ मिठागरातली होती.

"यो मीठ हाय, देवराम. खारीचा पानी."

"खाडीचं पाणी गाडीत कोण घालेल, नाना? इंजिन खातं ते." असं म्हणत देवरामने बाटली उलटी केली, तर तळाचा काळा चिखल भळकन बाहेर आला. त्याचा वास नानाला झोपेतही ओळखता आला असता. शहाडच्या नदीला असला चिखल नव्हता.

"गाडीचा रंग कंचा?" नानाने विचारलं.

"पांढरा."

नाना तिथल्याच एका टायरवर बसला. बांधापासून घर दोनशे पावलांवर. पडवीत रांजण काठोकाठ भरलेला. पण बापाचा शब्द मोडायचा नाही म्हणून पोराने गाडीलासुद्धा घरचं पाणी घेतलं नव्हतं. खाडीत वाकून बाटली भरत होता आणि तसाच माघारी जात होता. दर रविवारी तो तासभर घराकडे बघत बसायचा, आणि बाप पडवीतून त्याला शिव्या घालायचा. नानाला रडू आवरेना. देवराम उगाच पाने पुसत राहिला.

"दुरुस्त हुईल?" नानाने विचारलं.

"नाही, नाना. आतून कुजलंय सगळं. भंगारात काढ म्हणालाय."

म्हणजे आता रविवारीही बांधावर कुणी येणार नव्हतं.

नाना चहा न घेताच उठला, चाचपडत घरी गेला. थोड्या वेळाने हातात पाच लिटरचा कॅन घेऊन परत गॅरेजात आला. चालताना पाणी डुचमळत होतं.

"गाडीला आता पाणी घालून काय उपयोग?" देवराम म्हणाला.

"गारीला नाय."

"मोरूला? अहो, शहाडला नळ आहेत की घरोघरी."

"असतील. यो घरचा हाय." नानाने कॅन दुसऱ्या हातात घेतला. "त्याचा पत्ता सांग, देवराम. मना ठाव नाय."